ऊन कवेलूवर येईपर्यंत

“म्हातारे, फोन खाली कर. मांडी दिसून नाई राह्यली.”

सुताचं काम देणाऱ्या शेटच्या मानसाचं, फोनच्या व्हिडिओवर, त्या दिवशीचं हे पहिलं बोलणं. राम राम नाई, काई नाई. उजाडलं नव्हतं. राखेच्या पाण्यात उकळलेले रेशमाचे कोसे टोपलीत गरमच होते, अन् मी ओट्यावरच्या बल्बाखाली लुगडं वर सारून बसली होती. मी फोन खाली केला. तिकडं दुकानात त्याच्यासंग अजून कोणी होते. ते हसले.

मी म्हटलं, “भाऊ, सूत पाहा ना. मांडी काय पाहता?”

“सूत मांडीवरच निघते ना? अन् या वयात तुही मांडी कोण पाहते, बाई?”

पुन्हा हसले.

आता तुमाले नीट सांगते. आमच्याकडं, कुरखेड्याच्या अंगानं, कोश्याचं सूत बाया घरीच काढतात. कोश्याचे तार बोटानं ओढायचे अन् उघड्या मांडीवर तळहातानं पीळ द्यायचा. लुगड्यावर तार अडकते, म्हणून मांडी उघडी. माही माय अशीच बसे. तिची मायही. घासून घासून तिथचं कातडं काळं, गुळगुळीत होते. चिमटा घेतला तरी समजत नाई. पण सभोवती बायाच राहत. गडीमानूस आला का कुंपणापाशी खाकरे, बाई लुगडं सारखं करे, मंग तो दारात येई. ही गावाची रीत. लहान पोरालेही शिकवावी लागली नाई.

फोनले खाकरता येत नाई.

तो फोन शेटनंच दिला. कोश्यासंग. म्हणे, सकाळी काम चालू झालं का नाई ते आमाले दिसलं पाहिजे. मी तं त्याले कुंकू लावलं होतं, बाई! घरात नवी वस्तू आली म्हणून.

त्याच्याआधी सकाळ माही होती. माहे मालक वारल्यापासून तेवढंच काय ते माहं. उजेड फुटला का कोरा चहा घेऊन ओट्यावर बसायचं, नातनीचं जुनं पुस्तक मांडीवर घ्यायचं. मी शाळेत गेली नाई. त्याच पुस्तकावर बोट ठेवून ठेवून मले अक्षरं लागली. मोठ्यानं वाचायची. कोंबड्या ऐकत. ऊन छपराच्या कवेलूवर आलं का पुस्तक बंद अन् कोसे चुलीवर.

फोन आला अन् ते गेलं. तो म्हणे, “घरीच तं बसून राह्यते. तुले कायची सकाळ?” घरी बसून काम करते म्हणून माह्या घराले दारच नाई राह्यलं. अंधारात घंटी वाजे. वाजायच्या आधीच मी जागी होऊन बसे. अंगणातलं कुत्रंही कान टवकारून बसे.

मंग एक दिवस मी लुगडं खाली घेऊनच बसली. तो चिडला नाई. त्याचा आवाज गोड झाला. तवाच मले भेव वाटलं.

“राहू द्या आजी, थकले तुमी. सुनेले बसवा ना. तिले बी येते सूत काढता.”

सून माह्या मागंच उभी होती, कोश्याची टोपली कमरेवर घेऊन. तिनं टोपली पोटाशी ओढली. घट्ट.

चिमटा न समजणारी मांडी माही. पण तो चिमटा लागला.

मी फोन उचलला अन् तोंडासमोर धरला. त्या मानसानं माहं तोंड पहिल्यांदाच पाहिलं असन. म्हटलं, “या घरात पाहाचं असन तं कुंपणापाशी येऊन खाकर. याच्यात आता कोणी दिसणार नाई. मी नाई अन् तीही नाई.”

“कोसे बंद होतील, म्हातारे.”

“होऊ दे.”

फोन पालथा टाकला अन् वरून रिकामी टोपली ठेवली.

शेटकडून कोसे येणं बंद झालं. शेजारीन म्हणाली, “घरी बसून पैसे भेटत होते, तेही घालवले.” सून विचारते, “माय, पुढं काय?” मले माहीत नाई.

आता रोज उजेड फुटता फुटता एक मोटरसायकल कुंपणापाशी येऊन थांबते. इंजन चालूच राह्यते. शेटचा तो मानूस उतरत नाई. खाकरत नाई. नुसता पाहते. मी पुस्तक घेऊन ओट्यावरच राह्यते; ओळ हुकते. मी पहिल्यापासून वाचते, अजून मोठ्यानं. सून विळी घेऊन बाजूले बसते.

फोन टोपलीखालीच आहे. त्याले तो न्यायचा असन तं दारात यावं लागन, अन् यायच्या आधी खाकरावं लागन. तोपर्यंत मी पुस्तकातून मान वर करणार नाई.