दार वाजलं तर

त्या गावात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा मला तेविसावं वर्ष लागलं होतं. दिग्रस-दारव्हा रस्त्यावर बसमधून उतरायचं आणि दीड कोस आत चालत जायचं. राज्य नुकतंच बदललं होतं, पण जुन्या राज्याची रजिस्टरं संपली नव्हती, म्हणून आम्ही वरचं नाव खोडून त्यांतच बाळंतपणं लिहीत होतो. प्रसूतिकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. पुढच्या खोलीत टेबल, औषधांचं कपाट आणि एक लोखंडी खाट. मागच्या खोलीत मी एकटी राहायची.

तोवर झोप हा माझ्या काळजीचा विषय कधीच नव्हता. अमरावतीला शिकत असताना मैत्रिणी मला तोंडावर पाणी शिंपडून उठवायच्या. आई म्हणायची, हिच्या उशाशी ताशा वाजवला तरी ही कूस बदलून झोपेल. आम्ही सगळ्या त्यावर हसायचो.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते, थंडी चांगली पडली होती. दोन गावांत लागोपाठ दोन अडलेली बाळंतपणं आली आणि दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले, भाकरीचे दोन तुकडे खाल्ले आणि आडवी झाले. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून खाटेपर्यंत आलं होतं.

गावची म्हातारी सुईण ओसरीवर बसली होती. मी येण्याआधी त्या गावातली सगळी बाळंतपणं तीच करायची, आणि मी आल्यावर वर्षभर माझ्याशी धड बोलली नव्हती. त्या सकाळी मात्र ती वाट पाहत बसली होती.

"रात्री तांड्यावरचे लोक आलते," ती म्हणाली. "बैलाची दमनी घेऊन. लई आवाज देल्ला म्हनतेत. बाई बाहेरगावी गेल्या असतीन म्हनून वापस गेले."

"मग?"

"पोरगं गेलं. बाई हाये."

तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, गावापासून कोसभर. पूर्वी बैलांवर माल वाहून नेणारे हे लोक आता कापूस-तुरीची शेती करत होते. तिथल्या एका सुनेचं हे पहिलंच बाळंतपण होतं. दोनदा येऊन मला दाखवून गेली होती.

मी सुईणीला म्हणाले, "हो, मी गावाला गेले होते."

हे मी का म्हणाले, ते मला नीट सांगता येणार नाही. तिनंच वाक्य तयार करून दिलं होतं आणि मी ते घेतलं. ती उठून गेली. नियमाप्रमाणे त्याच दिवशी तांड्यावर जाऊन बाळंतिणीला तपासणं माझं काम होतं. मी गेले नाही. उद्या जाऊ म्हटलं, मग परवा.

त्या रात्रीपासून माझी झोप गेली.

सुरुवातीला दार वाजल्याचे भास व्हायचे. मी कंदील मोठा करून बाहेर यायची, तर ओसरीवर कुणी नसायचं. मग खाट पुढच्या खोलीत ओढून ओसरीच्या दाराला चिकटवली. तेवढ्यानंही भागेना, म्हणून सुतळीचं एक टोक मनगटाला बांधलं आणि दुसरं खिडकीतून ओसरीवर सोडलं. हाक ऐकू आली नाही तर सुतळी ओढा, असं गावात सांगून ठेवलं. तिसऱ्या पहाटे सुतळीला जोराचा हिसका बसला. मी बॅग उचलून धावत बाहेर आले, तर शेजाऱ्यांची बकरी सुतळी चघळत उभी होती. आज हसू येतं. तेव्हा मी तिथंच पायरीवर बसून रडले.

पुढचे अडीच महिने रात्रीची दोन-अडीच तासांवर झोप नव्हती, तीही तुकड्यातुकड्यांनी. दिवसा डोकं जड म्हणून चहा प्यायची, सात-सात, आठ-आठ कप. दुपारी जरा आडवी व्हायची तर तेव्हा तासभर डोळा लागायचा, आणि रात्री पुन्हा टक्क जागी. उशाशी गजराचं घड्याळ होतं. एक वाजला, दोन वाजले, आता झोप लागली तरी तीनच तास मिळतील, असा हिशेब करत पडायची. दुधात जायफळ उगाळून घेऊन पाहिलं. शाळेच्या मास्तरांनी हजारापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. मी एकपर्यंत मोजून पुन्हा हजाराला सुरुवात करायची.

केंद्राच्या कपाटात झोपेच्या गोळ्यांची एक बाटली होती. एकदा गोळी जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकून टाकली. हिनं झोप लागली आणि दार वाजलं तर? मला झोप हवी होती आणि झोपेचीच भीती वाटत होती. त्यावर औषध कोणतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

होळीच्या आधी गावातच एक बाळंतपण झालं. सुखरूप झालं, मुलगी झाली. सुईण मदतीला होती. मीच तिला बोलवायला लागले होते, कारण माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. नव्या बाळाच्या डोळ्यांत औषधाचा एक-एक थेंब घालायचा असतो. मी बाटली उघडली, बाळाची पापणी उघडली, आणि सुईणीनं माझं मनगट धरलं.

"बाई. हे तं नाळेले लावाचं व्हय ना?"

माझ्या हातात टिंक्चर आयोडीनची बाटली होती. सुईणीला अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं रंगावरून आणि वासावरून ओळखलं. घरच्या लोकांना काही कळू न देता तिनं माझ्या हातातून बाटली घेतली आणि दुसरी दिली. बाहेर पडल्यावर मात्र ती वाटेतच थांबली.

"कितीक दिस झाले झोपल्या नाई तुमी?"

"येते ना झोप."

"कायले खोटं बोलता? तुमच्या कंदिलाचा उजेड मले माह्या दारातून दिसते. रोज."

त्या संध्याकाळी तिनं मला खाटेवर बसवलं, तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीनं घासत राहिली. एकीकडे वाटी काळी पडत होती आणि दुसरीकडे मी तिला सगळं सांगत होते, की मी गावाला गेले नव्हते, आतच होते, झोपले होते.

"मले मालूम हाये," ती मान खाली घालून म्हणाली. "तुमी कधी आल्या ते मी पाह्यलं होतं."

दुसऱ्या दिवशी तिच्याच आग्रहावरून मी बसनं दिग्रसला डॉक्टरांकडे गेले. वयस्कर गृहस्थ होते, पंचवीस वर्षं रात्री-अपरात्रीच्या हाका घेतलेले. त्यांनी आधी नाडी पाहिली, मग स्टूल जवळ ओढून बसले आणि मला बोलू दिलं. टिंक्चरची गोष्टही मी लपवली नाही.

"मी वेळेवर गेले असते तर मूल वाचलं असतं का?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुम्हालाही माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. पण त्या बाईला तुम्ही नंतर तपासलं का?"

"नाही."

"ते आधी करा. आणि एक सांगतो, दोन रात्री जागलेला माणूस तिसऱ्या रात्री झोपणारच. गुन्हा नाही तो. रात्रीचा पहारा आणि दिवसाचं काम एकाच माणसानं करायचं म्हटलं तर एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल. पहारा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

गोळ्या त्यांनी दिल्या नाहीत. चार वाजल्यानंतर चहा बंद, दुपारी आडवं व्हायचं नाही, घड्याळाचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं, आणि झोप येत नसेल तर खाटेवर तळमळत न राहता उठून बसायचं, असं सांगितलं. मी ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

तांड्यावर मी सुईणीला बरोबर घेऊन गेले. दुपारची वेळ होती. त्या घरची सासू अंगणात मिरच्या वाळत घालत होती आणि सून भिंतीला टेकून कापडावर आरसे शिवत बसली होती. मी बसण्याआधीच बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते.

"त्या रात्री मी घरीच होते. झोपले होते. मला हाक ऐकू आली नाही."

सासूनं हातातली मिरची खाली ठेवली. "बाहेरून कुलूप नोतं," ती शांतपणे म्हणाली. "माह्या पोरानं त्याच राती सांगतलं मले. तो दार तोडतो म्हने. त्याचा बाप म्हने, एकल्या बाईचं दार रातच्यानं तोडाचं नाई. लई दिस राग होता पोराले. आता नाई एवढा."

सुनेनं सुई थांबवली नव्हती. मग ती वर न पाहताच म्हणाली, "आन् मंग? मंग काहून नाई आल्या?"

लाज वाटली, एवढंच म्हणाले.

"मले दूध दाटलं होतं," ती म्हणाली. "ताप आलता आठ दिस. मी याडीले म्हनलं, नर्सबाईले बोलवा. याडी म्हने, ते नाई येत आता." याडी म्हणजे आई, सासूलाही ती याडीच म्हणायची. "मले बी झोप येत नाई तवापासून. लेकरू रडल्यावानी होते अन् मी उठून बसतो."

अडीच महिने मी ज्या गोष्टीसाठी स्वतःला कोसत होते, ती माझी चूक नव्हतीच, निदान मोठी तरी नव्हती. मोठी चूक ही होती, की ताप आलेल्या बाळंतिणीकडे मी पाठ फिरवली. त्या दिवशी मी तिला आत नेऊन नीट तपासलं. छातीत उजव्या बाजूला अजून एक गाठ होती. शेकायचं कसं ते दाखवलं, औषध दिलं, आणि दर मंगळवारी येईन म्हणून सांगितलं. ती पुन्हा सुई घेऊन बसली.

परतताना वाटेत सुईण म्हणाली, "डाक्टर काय म्हनला पहाऱ्याचं?"

मी सांगितलं.

"मंग मी झोपतो ओसरीवर. मले म्हातारीले तशीबी झोप नाई. जिंदगी गेली दार आयकन्यात."

त्याच रात्री ती गोधडी घेऊन आली आणि माझी खाट पुन्हा मागच्या खोलीत गेली. मी काही लगेच झोपले नाही. पहिल्या तीन रात्री मी तिचं खोकणं ऐकत होते. चौथ्या रात्री ती घोरायला लागली आणि माझा जीव घाबरा झाला. ही तर माझ्याहून गाढ झोपली! मी हळूच उठले, आवाज न करता दारापर्यंत गेले आणि कडीला नुसतं बोट लावलं.

"काय पायजे?" बाहेरून आवाज आला.

"काही नाही."

"मंग झोपा ना."

मी जाऊन पडले, आणि डोळे उघडले तेव्हा तांबडं फुटलं होतं. किती वाजता झोप लागली ते कळायला मार्ग नव्हता. घड्याळ भिंतीकडे तोंड करून टिकटिकत होतं.

लगेच सगळं ठीक झालं असं नाही. आठवड्यात दोन-तीन रात्री अजूनही वाईट जायच्या. तेव्हा मी डॉक्टरांनी सांगितल्यासारखी उठून बसायची, पट्ट्या गुंडाळायची नाहीतर बाहेर सुईणीजवळ जाऊन बसायची. ती मला जुन्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगायची, आडवं आलेलं मूल तिनं कसं फिरवलं वगैरे. ते शिक्षण मला अमरावतीला मिळालं नव्हतं. हाक आली की ती आधी बाहेरच्या माणसाला चार प्रश्न विचारायची, कळा केव्हापासून, कितवं बाळंतपण, आणि मगच मला उठवायची. पुष्कळदा म्हणायची, "पहाटेलोक येळ हाये, बाईले झोपू द्या," आणि तिचा अंदाज बहुतेक बरोबर निघायचा.

तांड्यावरच्या सुनेला झोपेच्या गोळ्या द्याव्यात असं मला वाटलं होतं, पण चैत्रात ती बायकांबरोबर मोहफुलं वेचायला जायला लागली. पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढेपर्यंत वाकून वेचायचं. मंगळवारी गेले की मी विचारायची, झोप कशी आहे. एकदा म्हणाली, "काल लागली." पुढच्या खेपेला म्हणाली, "नाई लागली." असं करत करत आषाढात तिनं आपण होऊन सांगितलं, की आता लेकरू रडल्यासारखं रोज होत नाही, कधीकधीच होतं. तिचा नवरा माझ्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. मी आले की तो बैलांकडे जायचा. त्याला तो हक्क होता.

पुढच्या वर्षाअखेर तिचं दुसरं बाळंतपण झालं. नवराच दमणी घेऊन आला, भर दुपारी, आणि सुईणीला म्हणाला, "दोघीले चाला म्हनतो." मुलगा झाला, चांगला सात पौंडाचा. डोळ्यांत औषध सुईणीनं घातलं. मीच बाटली तिच्या हातात दिली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली महागावकडच्या एका केंद्रात झाली. निघताना सुईण म्हणाली, तिथं कोणी मिळते का पाहा आधी. मी पोचले तेव्हा केंद्राचा शिपाई मला पाण्याची जागा, चूल, कपाट दाखवायला लागला. मी त्याला म्हटलं, ते राहू द्या. या गावात हलक्या झोपेची म्हातारी कोण आहे, ते सांगा. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तश्या तं लई हायेत, बाई. पन त्याइले इचारलं नाई कोनी."