खोडलेला पहिला आकडा

१८ जानेवारी १९५९, रविवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. लोअर परळच्या एका गिरणीच्या भिंतीलगतचा रस्ता त्या वेळी रिकामा असे, म्हणून मामांनी तो निवडला होता. भिंतीवर चुन्याने हात-हात उंचीच्या अक्षरांत ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असे लिहिलेले होते. ‘झालाच’ या शब्दासमोर गाडी आली की मामांनी ब्रेक दाबायचा आणि पुढचे चाक थांबेल तिथपर्यंतचे अंतर मी फितीने मोजायचे, असे आम्ही ठरवले. वेग दर खेपेला ताशी वीस मैल.

मामा वीस वर्षे गिरणीच्या मेकॅनिक खात्यात होते. परळच्या इस्पितळातल्या एका डॉक्टरांना सुट्टीच्या दिवशी शर्यतीत पळेल आणि एरवी कामावर नेईल अशी गाडी हवी होती. ती बांधण्यासाठी मामांनी नोकरी सोडली आणि परळला एक शेड भाड्याने घेतली. भंगारात निघालेल्या एका शर्यतीच्या गाडीचे जोड कार्ब्युरेटर, ब्रेकचे ड्रम आणि ड्रमला घासून चाक थांबवणारी आतली कडक लायनिंग त्यांनी एका जुन्या सांगाड्यावर चढवली. मग कायद्यासाठी मडगार्ड, भोंगा, सायलेन्सर आणि मागचा दिवा बसवला. महिनाअखेरीपर्यंत सरकारी पासिंग झाले नाही, तर डॉक्टर दुसरीकडून तयार गाडी घेणार होते. तसे झाले असते तर मामांच्या हाती नोकरीही उरली नसती आणि शेडही.

मी तेव्हा भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि हे प्रयोग नीट मांडून आमच्या प्राध्यापकांना दाखवायचे माझ्या मनात होते. त्या सकाळी सहा आकडे आले: एकोणचाळीस फूट, मग चोवीस, एकवीस, वीस, वीस, एकवीस. मी पहिल्यावर रेघ मारली.

“तो का खोडलास?” मामांनी विचारले.

प्रयोगशाळेत उपकरण स्थिरावेपर्यंतची पहिली नोंद धरत नाहीत, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली. आमच्या घरात एवढे शिकलेली मी पहिलीच. माझ्या वहीवर त्यांचा मायक्रोमीटरइतका विश्वास होता. सरासरी आली एकवीस पूर्णांक दोन.

बुधवारी पासिंगच्या रांगेत गाडी दोन तास उभी राहिली. अधिकाऱ्याने ब्रेकच्या खुणेपासून तीस फुटांवर खडूने रेघ ओढली आणि वीसच्या वेगाने येऊन तिच्या आत थांबायला सांगितले. गाडी रेघ ओलांडून पुढे गेली. शिपायाला बाजूला उडी मारावी लागली. इंजिन शर्यतीचे आहे हे कळले, थांबायचे काय, एवढेच विचारून अधिकाऱ्याने आठ दिवसांनंतरची तारीख दिली. मामांच्या घरी मामींनी ताट वाढताना विचारले, “अहो, गाडी थांबत नाही म्हणे. आता कुणी नोकरीवर घेतं का, ते तरी विचारून या.”

त्या संध्याकाळी फणसवाडीत आमच्या गॅलरीत बसून मी आलेख काढला आणि खोडलेला आकडाही त्यात धरला. चूक लगेच दिसली. शर्यतीची लायनिंग तापल्यावरच पकडते. मी मोजली होती ती तापलेल्या ब्रेकची कामगिरी; रांगेतल्या दोन तासांत ब्रेक थंड पडले होते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन मी चूक कबूल केली, आणि लगोलग उपायही सुचवला: पुढच्या वेळी आपला नंबर यायच्या आधी ब्रेकवर पाय ठेवून मागच्या गल्लीतून दोन फेऱ्या माराव्यात. ड्रम तापतील, गाडी वीस फुटांत थांबेल, पासिंग होईल.

मामांनी हात पुसले. “डॉक्टर सकाळी घरातून निघतील तेव्हा पहिला ब्रेक थंडच असणार ना गं? लालबागला एखादी बाई आडवी आली, तर तिला काय सांगायचं? थांबा बाई, दोन फेऱ्या मारून येतो?”

मी फेऱ्यांचा बेत सोडला.

शर्यतीचे ब्रेक हा त्यांचा अभिमान होता. शेडमध्ये येईल त्याला ते दाखवत. ती लायनिंग त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवली आणि टॅक्सीला घालतात तसली साधी, मऊ लायनिंग बसवली. शर्यतीत ही फार वेळ टिकणार नाही, त्या दिवशी बदलावी लागेल, हे डॉक्टरांना सांगायलाही तेच गेले. डॉक्टर हसले म्हणे. इस्पितळात जाताना वाटेतच नवा रुग्ण तयार करण्यापेक्षा हे बरे, असे त्यांचे म्हणणे पडले.

त्यानंतर पाच दिवस मी कॉलेजआधी परळला जात होते. रोज एकच नोंद, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची. दुसऱ्या फेरीचा मोह आवरून मी वही मिटत असे. अठ्ठावीस, सत्तावीस, सत्तावीस, सव्वीस, सत्तावीस. मामा आकडा विचारीत, पण सरासरी कधीच विचारली नाही.

पासिंगच्या दिवशी रांग पुन्हा लांब होती. ड्रमना हात लावून पाहिला, ते गार होते. मागची गल्ली मोकळी दिसत होती. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिले, पण मामा जागचे हलले नाहीत. नंबर आला. भोंगा, दिवे, सायलेन्सर झाले. मग गाडी वीसच्या वेगाने खुणेवर आली, नाक खाली दबले आणि ती रेघेच्या आत उभी राहिली. अधिकाऱ्याने वाकून चाक पाहिले आणि बॉनेटवरच कागद ठेवून सही केली. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसूनच होते.

फितीचे दुसरे टोक शिपायाने धरले. मी आकडा वाचला आणि वहीत लिहिला: थंड ब्रेक, पहिली नोंद, सव्वीस फूट.