चपटा अमोनिया

हे मी घरातही बोललेलो नाही. बायकोला माझ्याबद्दल जवळपास सगळं माहीत आहे, हे नाही. तुम्हालाच का सांगतोय? दमलो असेन. एखादी गोष्ट झाकून ठेवायलाही रोज थोडी ताकद लागते, आणि हल्ली ती संध्याकाळपर्यंत पुरत नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरी बदलीची, म्हणून चंदीगडच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतो—रासायनिक बंध, रेणूंचे आकार. अकरावीची मुलं ते पाठ करतात आणि बारावीत विसरतात. त्यातला अमोनिया मात्र माझा आवडता. नायट्रोजनला तीन हायड्रोजन जोडलेले, आणि वर इलेक्ट्रॉनांची एक जोडी, जी कुणाशीच बंध करत नाही. पुस्तकात तिला एकाकी जोडी म्हणतात—जोडी असून एकाकी. पाठ्यपुस्तकवालेही कधीकधी नकळत बरं लिहून जातात. ती दिसत नाही, पण जागा अडवते आणि तिन्ही हायड्रोजनना खाली रेटते. म्हणून अमोनिया बुटक्या तिपाईसारखा असतो. सपाट नसतो. हे मी इतकी वर्षं शिकवतोय की झोपेतही सांगेन. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं समजू नका.

त्या जानेवारीत शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. म्हणजे कुंड्यांना गेरू, फाटकापासून गालिचा, आणि मुलांना थंडीत उभं करून स्वागतगीत. मुख्य पाहुणे सेक्टर एकच्या सचिवालयातले कुणी मोठे अधिकारी. असल्या समारंभांची मी मनातल्या मनात यथेच्छ टिंगल करतो. बाहेर अर्थातच टाय लावून उभा असतो.

रेणूंच्या टेबलाची जबाबदारी हरलीन मॅडमची. माझ्या हाताखालच्या तरुण शिक्षिका, कंत्राटी—दर मार्चला शाळा ठरवायची, पुढच्या वर्षी त्या हव्यात की नकोत. राहायच्या शहराच्या कडेला, मनीमाजऱ्यात. घरात आई आणि शिकणारा भाऊ, मिळवत्या त्या एकट्याच. आदल्या दिवशी त्यांना मदत म्हणून अमोनिया मी जोडायला घेतला. नायट्रोजनच्या निळ्या गोळ्याला चार भोकं असतात. तीन काड्या खोचल्या की एक भोक उघडं राहतं, आणि काहीतरी हरवल्यासारखं दिसतं. त्याच खोक्यात तीन भोकांचा निळा गोळा सापडला, तिन्ही भोकं एका पातळीत. तो लावला. मॉडेल छताच्या पंख्यासारखं सपाट, नीटनेटकं झालं.

हरलीन मॅडमनी लगेच ओळखलं. ‘सर जी, ये तो चपटा हो गया. चार छेद वाला लगा दूँ?’

‘रहने दो यार,’ मी म्हणालो. ‘देखता कौन है?’

समारंभाला मी इतकं तुच्छ मानत होतो की तिथे कुणी खरंच बघायला येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाहुण्यांनी काही बघितलं नाही. बघितलं त्यांच्या पत्नीने. कधीकाळी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेली बाई. पर्स सावरत वाकल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, ‘अमोनिया प्लेनर कब से हो गया जी?’

पाहुणे हसले, म्हणून सगळे हसले. प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी—मी म्हणालो, ‘सर, ये टेबल हरलीन मैडम का है.’

वाक्य शब्दशः खरं होतं. टेबल त्यांचंच होतं. खोटं बोलायला निदान थोडं धाडस लागतं. मी तेवढंही केलं नाही. हरलीन मॅडम टेबलामागेच उभ्या होत्या. माझ्याकडे एकदा बघितलं आणि ‘सॉरी सर’ म्हणाल्या. प्राचार्यांना म्हणाल्या की मला, तेव्हा कळलं नाही.

इथवरचं सांगणं त्या मानाने सोपं आहे. घाईत तोंडातून गेलं, म्हणता येतं. पण मार्चमध्ये प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. हरलीन मॅडमचं कंत्राट वाढवायचं का, त्यांचं ‘बेसिक’ कच्चं वाटतं, विभागप्रमुख म्हणून तुमचं मत काय? खोलीत आम्ही दोघेच. घाई नव्हती, पाहुणे नव्हते. ‘तो अमोनिया मी जोडला होता’—एवढंच म्हणायचं होतं. काय झालं असतं? माझी नोकरी कायमची. प्राचार्य चार दिवस चिडवत राहिले असते. एवढंच ना?

मी चहा ढवळला. म्हणालो, ‘आप जैसा ठीक समझें, सर.’

त्यांना ठीक वाटलं, ते त्यांनी केलं.

शेवटच्या दिवशी हरलीन मॅडम प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लिहिणार होतो. पण तेही खरं नाही, ओरडल्या असत्या तर मी चिडलो असतो. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘कोई बात नहीं सर जी. आपकी भी कोई मजबूरी रही होगी.’

मी मान हलवली. हो म्हणून.

मजबुरी काहीच नव्हती.