पडदेवालीची कोंबडी

घरोघरी पडदे शिवून लावून द्यायची, म्हणून सगळी गल्ली तिला पडदेवालीच म्हणायची. नवऱ्याने दुसरा संसार थाटला तेव्हा जाताना कपाट नेलं, टीव्ही नेला, आई तेवढी मागे ठेवली. जरा बस्तान बसलं की नेतो म्हणाला. त्याला वर्षं लोटली. सासू-सुनेचं काही गूळपीठ नव्हतं. एकीचं मशीन दुसरीला झोपू द्यायचं नाही, दुसरीची टकळी पहिलीला. तरी दोघी एकमेकींच्या अंगवळणी पडल्या होत्या.

म्हातारीचा कोंबडीवर भारी जीव. पण दात गेले आणि कवळी बोचायची. एकदा एका इटालियन हॉटेलात खिडक्यांची मापं घेताना पडदेवालीने तिथल्या आचाऱ्याला विचारलं, बोळक्या तोंडाला चालेल असं काही आहे का? तो म्हणाला, खेड्यातलं साधं जेवण आहे. हाडासकट तुकडे तेलात लालसर परतायचे, त्याच तेलात कांदा, गाजर, लसूण, मग टोमॅटो आणि व्हिनेगरचा शिपका. वर झाकण ठेवायचं आणि घाई करायची नाही.

त्या रविवारी तिने पातेल्यावर झाकण ठेवलं न ठेवलं, तोच नवरा दारात. त्याला मूल झालं होतं. दोघं कामावर जाणार, बाळाला घरचं माणूस हवं. आईला न्यायला आलो, म्हणाला.

पडदेवालीने म्हातारीची औषधं, शाल, दोन लुगडी पिशवीत भरायला घेतली. हात चालत होते, पण घडी काही केल्या नीट बसेना.

म्हातारी तिच्याकडे बघत होती. "मला घालवायची एवढी घाई?"

"मी कोण अडवणार, आई? मुलगा तुमचा आहे."

"मुलगा आहे, जेवून जाईल. आधी शिजू दे."

कोंबडी आपल्या चालीने रटरटत राहिली. नवरा खुर्चीत बसून दहा वेळा फोन बघत होता. अखेर ताटं वाढली. मांस बोट लावताच हाडावरून सुटत होतं. म्हातारीने कवळी काढून वाटीत ठेवली आणि मान वर न करता ती जेवली. रश्शात पाव बुडवून ताट लख्ख केलं. मग हात धुऊन मुलासमोर बसली.

"नातवाला सांभाळीन. त्या लेकराचा काय दोष? सकाळी न्यायचं आणि संध्याकाळी घरी आणून सोडायचं."

"घरी म्हणजे?"

"म्हणजे इथे."

तो पडदेवालीकडे बघायला लागला, जणू तिनेच पढवलं होतं. पण पिशवीतली शाल हातात घेऊन ती नुसती उभी होती. मग त्याने मान डोलावली. दुसरा इलाज नव्हता.

पहिल्या दिवशी म्हातारी परतली ती बाळाचंच सांगत. मुठी कशा वळतो, हसतो कसा, कान तर थेट... आणि एकदम गप्प झाली. आपण कुणासमोर काय बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं.

पडदेवालीने दाताने दोरा तोडला.

"मग? दूध पितो का नीट?" तिने विचारलं.

म्हातारी पुन्हा सांगू लागली.