दुकान असलेला फेरीवाला

"शेठ पडलेत, लवकर या," असं कोणीतरी फोनवर सांगितलं, तेव्हा हा शेठ कोण, हेच मला आधी कळेना. बोलणारा नारळपाणीवाला होता. बदलापूर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर माझ्या थोरल्या भावाला, माधवदादाला, सगळे शेठ म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं. अंबरनाथहून मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं...

बदलापूर गावात दादाचं कपड्यांचं दुकान. स्वतःच्या मालकीचं, वडिलांनी भातशेती विकून घेतलेलं. उल्हासनगरच्या सिंधी व्यापाऱ्यांकडून तो माल आणायचा आणि त्यांच्याच सुरात घासाघीस करायचा. पंचक्रोशीतल्या लग्नांचे बस्ते त्याच्याकडे बांधले जात. पुढे स्टेशनच्या आसपास इमारती उभ्या राहू लागल्या आणि आम्हाला वाटलं, आता दादाला उसंत मिळणार नाही. झालं उलटंच. नवी माणसं गावात यायचीच नाहीत. गाडीतून उतरायचं, वाटेवर मिळेल ते घ्यायचं आणि रिक्षात बसायचं. जुनी गिऱ्हाइकंसुद्धा हळूहळू तशीच वागू लागली. मग एका संध्याकाळी दादाने फुटपाथवर प्लास्टिक अंथरलं आणि त्यावर बायकांचे गाऊन मांडले.

शोभावहिनींना ते फार लागलं. "दुकानदाराची बायको म्हणून आले मी या घरात," एवढंच त्या म्हणाल्या आणि स्टेशनच्या रस्त्याने जाणंच त्यांनी सोडलं. दादाला कारण विचारलं की दर वेळी उत्तर वेगळं. मला म्हणाला, "गिऱ्हाईक येत नाही ना, मग आपण जायचं." वहिनींना म्हणाला, "दुकानात झोप येते." नगरपालिकेच्या गाडीने एकदा सगळा माल उचलून नेला, तेव्हा तर तो हसत घरी आला. मी चिडून म्हटलं, "पुरे झालं दादा! दुकान भाड्याने दे आणि आरामात बस."

"बसूनच तर होतो रे इतकी वर्षं," तो म्हणाला.

त्याला नाइलाजाने रस्त्यावर यावं लागलं, की तिथली वर्दळ त्याला मनापासून आवडू लागली होती? नाइलाजाची कधी आवड होऊन जाते का? तो होता तेव्हा मी नीट विचारलं नाही, आणि आता कितीही विचार केला तरी थांग लागत नाही.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी तिथून जाताना पाय थबकले. दादाच्या जागेवर वहिनी बसल्या होत्या! एका बाईच्या खांद्याला गाऊन लावून बघत सांगत होत्या, "रंग जाणार नाही. गेलाच तर घेऊन या, मी इथेच असते."

"वहिनी, तुम्ही इथे?"

"उरलेला माल तेवढा संपवते," त्या नजर चुकवत म्हणाल्या.

त्यांच्या मागे उल्हासनगरहून आलेलं नवं गाठोडं होतं. त्याची दोरीही अजून सोडली नव्हती.