मालिकेतली मांजर

आमच्या वहिनी इमारतींच्या लिफ्ट तपासतात. लग्न होऊन घरी आल्या तेव्हा त्यांच्या सामानात कपड्यांची एक बॅग होती आणि वायरींच्या दोन. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, ही सून आहे की विजेचं दुकान?"

नोकरी फिरतीची. परगावच्या लॉजमध्ये पलंग एका भिंतीला आणि प्लग दुसऱ्या भिंतीला, तोही कपाटामागे, हा वहिनींचा नेहमीचा अनुभव. म्हणून त्यांनी लांब, चपट्या वायरीचा एक बोर्ड स्वतःच बनवला होता. जुन्या बॅटरीतले चांगले सेल निवडून केलेला एक दिवा होता, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना तो त्या गळ्यात अडकवत.

घरीही हात स्वस्थ नसत. दादाच्या पडदा फुटलेल्या लॅपटॉपला त्यांनी टीव्हीमागे बसवलं आणि दादाच्या बातम्या व आईची मालिका यांचं रोजचं भांडण मिटवलं. बातम्या चालू असताना मालिका आपोआप साठवली जायची. पुढे आईला रिमोटची बारीक बटणं दिसेनात, तेव्हा भंगारात निघालेल्या एका लिफ्टचं बटणांचं पॅनेल आलं. एक नंबरला मालिका, दोनला गाणी, तीनला बातम्या. 'दार उघडा' दाबलं की आवाज मोठा.

"तिसऱ्या मजल्यावर जाऊ नका कुणी," आई म्हणायची. "तिथं नुसती भांडणं चालतात."

मग मोतीबिंदू वाढला. रक्तातली साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईला पडद्यावर नुसते डाग हलताना दिसायचे. तिनं मालिका सोडली. संध्याकाळी टीव्ही बंद करून ती तशीच खुर्चीत बसून राहायची.

"नुसतं ऐक ना," मी म्हटलं.

"काय ऐकू? सगळ्या सारख्याच रडतात. कोण रडतंय ते कळायला नको?"

दादानं सांगून पाहिलं. "ती आली. तो गेला. आता जाहिरात." मी सांगायला बसलो तर मला पात्रंच ओळखू येईनात. मी नायिकेच्या नणंदेला तिची आई समजून बसलो होतो. आईनं हात जोडले आणि म्हणाली, "राहू द्या. तुमच्यापेक्षा शांतता बरी."

वहिनी तेव्हा फिरतीवर होत्या. परत आल्यावर त्यांनी रविवारचा अख्खा दिवस टीव्हीमागे डोकं घालून काढला. लॅपटॉपवरचं चित्र परगावी त्यांच्या फोनवर जाईल आणि त्यांचा आवाज आईच्या खुर्चीजवळच्या स्पीकरमधून येईल, आईचं बोलणंही त्यांना ऐकू जाईल, अशी सोय केली. वहिनी लॉजमध्ये बसून मालिका बघणार आणि आईला सांगणार.

पहिल्या दिवशी पार फजिती झाली. चित्र वहिनींपर्यंत पोचायला वेळ लागायचा. इकडे नायिका हुंदके देऊन मोकळी झाली, तरी स्पीकर सांगतोय, "आता ती हळूच दार उघडतेय."

"अगं, दार कधीच उघडलं. आत काय दिसलं ते सांग."

वहिनींनी त्यावरही इलाज काढला. आमचा टीव्ही त्यांनी काही सेकंद मागे ठेवला. चित्र आधी त्यांना मिळायचं, मग आम्हाला. त्यामुळे शेजारच्या काकूंच्या घरातून, भिंतीपलीकडून, सगळे प्रसंग आधी ऐकू यायचे. आई म्हणायची, "काकू रडायला लागल्या. म्हणजे आता काहीतरी वाईट होणार."

वहिनी फार छान सांगायच्या. कोण कुणाकडे बघतं, कोण नजर चुकवतं, कुणाच्या कपाळावर आठी आहे. आणि मालिकेतल्या त्या घरात एक मांजर होती. खलनायिका कट करत असली की मांजर कपाटावरून तिच्याकडे बघत असायची. आई खुदकन हसायची. रोज मालिका सुरू झाली की पहिला प्रश्न, "मांजर कुठे आहे?"

एकदा काकू बसायला आल्या. आईनं मांजरीचा विषय काढला. काकू म्हणाल्या, "कुठली मांजर? मालिकेत मांजर नाहीच मुळी."

मी आईकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमचं लक्ष नसेल." त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखंच विचारलं, "मांजर कुठे आहे?"

यथावकाश साखर उतरली, ऑपरेशन झालं. डोळे निवळल्यावर आई पुन्हा मालिकेसमोर बसली, तेव्हा वहिनी शेजारी होत्या आणि जरा चुळबुळत होत्या. भाग संपला.

"मांजर दिसली नाही," आई म्हणाली.

वहिनींचे कान लाल झाले. "आई, चुकलं माझं. मालिका इतकी रटाळ होती की मी आपली एक मांजर सोडली त्यात."

"मला माहीत होतं. काकूंनी केव्हाच सांगितलं होतं."

"मग रोज विचारत का होतात?"

आई म्हणाली, "तू दमलेली असलीस की मांजर झोपलेली असायची. काम मनासारखं झालेलं असलं की कपाटावर चढायची. एकदा ती अख्खा भाग पलंगाखालीच होती, आठवतं? दुसऱ्या दिवशी तू तापानं फणफणलेली परत आलीस. फोनवर विचारलं की तू नेहमी 'ठीक आहे' म्हणतेस. मांजर खरं सांगायची."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. दादा उठायला लागला, तर आईनं त्याला हातानंच बसवलं.

पुढच्या फिरतीला आई त्यांच्याबरोबर गेली. आयुष्यात पहिल्यांदाच लेकांपैकी कुणाला न घेता. लॉजची खोली तिला पसंत पडली नाही, चादर तर मुळीच नाही. वहिनी बारा मजली इमारतीत वर मोटरच्या खोलीत काम करत होत्या, तेव्हा आई खाली रखवालदाराच्या खुर्चीत बसली होती. लिफ्ट बंद बघून लोक कुरकुरायला लागले की ती त्यांना सांगायची, "जरा धीर धरा. वर माझी सून आहे."