हात खाली!

प्रिय मीरा आणि रोहन,

परवा फोनवर मीराने विचारलं, "आजी, माझ्या वर्गातल्या एका मुलीने चेहरा झाकून यावं की नाही, यावर शाळेत मोठा वाद चाललाय. तुझं मत काय?" ट्रंक कॉलची वेळ संपत आली होती, आणि अशा प्रश्नाला घाईघाईत उत्तर द्यायची सवय आमच्या भूगोलाच्या बाईंनी माझी कायमची मोडली आहे. म्हणून हे सावकाश लिहिते.

मी नोकरीला लागले त्या काळी नागपुरात बुरखा घालणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. पण बुरख्यातून सगळ्या शहराला शिस्त लावणारी बाई एकच, आमच्या भूगोलाच्या बाई. त्या ज्या मुलींच्या शाळेत होत्या, तिथेच मी इंग्रजी शिकवत असे. बाई मोहल्ल्यातून सायकलरिक्षाने येत, शिक्षकांच्या खोलीत शिरत, काळा बुरखा दाराजवळच्या खुंटीवर अडकवत आणि नकाशाची गुंडाळी काखेत मारून वर्गावर जात. बाई माणसं चपलांवरून ओळखत. बुरख्याच्या जाळीतून खालचंच आधी दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मुलींना त्यांचा धाक असा की रस्त्यात कुठलाही बुरखा दिसला की त्या आपोआप वेण्या सारख्या करीत. एकदा दोघी शाळा बुडवून सीताबर्डीला सिनेमाला गेल्या. शेजारच्या खुर्चीवर एक बुरखेवाली येऊन बसली आणि या दोघी मध्यंतरातच घामाघूम होऊन शाळेत परतल्या. बाई वर्गात गोदावरीचा उगम दाखवत होत्या. सिनेमातली बाई कोण होती, देव जाणे.

बाईंचा एक नियम होता. ज्या मुलीला प्रश्न विचारला, तिनेच उत्तर द्यायचं. दुसरीने तोंड उघडलं की बाई गरजत, "तिले विचारलं ना मी? मग तू काहून बोलून राहिली वं? हात खाली!" आणि मग थांबत. वर्ग चुळबुळे, खिडकीबाहेर फेरीवाला ओरडून पुढे जाई, बाई थांबलेल्याच. शमीम नावाची एक विणकराची मुलगी होती, फार बुजरी. तिच्यासाठी तर एकदा सगळा तास थांबल्या. घंटा वाजता वाजता तिने 'वैनगंगा' म्हटलं. बाईंचा चेहरा असा उजळला, जणू ती नदी त्या पोरीनेच शोधून काढली होती.

शमीम आणि मोहल्ल्यातल्या आणखी काही मुली बाईंच्या रिक्षामागून चालत शाळेत येत. बाई सोबत आहेत, एवढ्याच भरवशावर त्यांना घरून सोडत.

शमीम मॅट्रिकच्या वर्गात जाणार होती, त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या नव्या सचिवांनी जाहीर केलं की जूनपासून चेहरा झाकून कोणीही शाळेच्या फाटकातून आत यायचं नाही. शिक्षिका असो की विद्यार्थिनी. ते वकील होते, सुधारक होते, मनाने चांगले होते. मोहल्ल्यातल्या वृद्ध हकीमसाहेबांनी उलट निरोप धाडला, की मग आमच्या मुली घरीच बसतील. झालं! वाचनालयाच्या अंगणात परिसंवाद ठरला. बाई मुलींना घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

वकीलसाहेब प्रगतीवर बोलले. हकीमसाहेब 'हया'वर, म्हणजे लाजेवर, मर्यादेवर बोलले. दोघेही फार सुंदर बोलले, आणि ऐकता ऐकता मला कळून चुकलं की जूनमध्ये या मुली शाळेत नसणार. शेवटी वकीलसाहेब बाईंकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. हा बुरखा तुमच्या मर्जीचा की सक्तीचा?"

"मर्जीचाच!" हकीमसाहेब म्हणाले.

"सक्तीचाच!" मागून कोणी ओरडलं. मीही काहीतरी बोलायला उठले होते.

"हात खाली!"

बुरख्यातून आलेला तो आवाज सगळ्या अंगणावर पडला. मी बसले. हकीमसाहेबांचा वर उचललेला हात खरोखरच खाली आला. माझ्या मागे कोणी खुदकन हसलं.

"माझी नोकरी आज आहे, उद्या नाही," बाई म्हणाल्या. "फाटक या पोरीसाठी बंद होऊन राहिलं. तिले विचारा." आणि शमीमच्या खांद्यावर हात ठेवून तिला उभं केलं.

शमीम उभी राहिली. वकीलसाहेबांनी दोनदा तिला शब्द सुचवायला तोंड उघडलं, बाईंनी दोनदा त्यांच्याकडे मान वळवली, आणि दोनदा त्यांनी ते मिटलं. एवढी माणसं एका मुलीसाठी थांबलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

"मले मॅट्रिकची परीक्षा द्यायची आहे," शमीम म्हणाली. आणि मग, "बुरख्याचं मी मागून सांगीन."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हकीमसाहेबांनी चष्मा पुसला. वकीलसाहेब हळूच म्हणाले, "फाटकाचं पुन्हा बघू." ते त्यांनी पुन्हा कधी बघितलं नाही, आणि फाटक सगळ्यांना उघडंच राहिलं. तरी जूनमध्ये दोन मुली आल्याच नाहीत. एवढ्या बोभाट्यानंतर त्यांच्या घरच्यांचं मन होईना. बाई त्यांच्या दारी कितीदा जाऊन आल्या. शमीम मात्र आली आणि पास झाली.

बाईंचं स्वतःचं मत काय होतं? त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी धीर करून विचारलं. खुंटीवरचा बुरखा काढून हातात घेत त्या म्हणाल्या, "तुम्ही मलेच विचारलं, हे बरं केलं बाई. पण उत्तराले वेळ लागते." मी थांबले. काही वर्षांनी, उत्तर यायच्या आधीच त्या वारल्या.

म्हणून मीरा, माझं मत राहू दे. त्या तुझ्या वर्गातल्या मुलीला विचार, आणि थांब.

शमीम आता त्याच शाळेत भूगोल शिकवते. खुंटी अजून दाराजवळ आहे. तिच्यावर कधी शमीमचा बुरखा असतो, कधी नसतो. दुसरं कोणी तिथे काही अडकवत नाही.

तुमची आजी